अनाथाला दोन गुण जास्त

२१ जुलै २०२५, सोमवार
लागली बुवा नोकरी एकदाची! साक्रीचा पुना आजपासून जळगावात गेम तपासणार, तेही पगार घेऊन. पिंप्राळ्यात आमचे मालक तरुणभाऊ यांच्या वडिलांचं साड्यांचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर चार कॉम्प्युटर; एवढंच आमचं ऑफिस. राक्षस, जादूगार, तलवारी असला गेम बनतोय. खेळणाऱ्याने सुरुवातीला आपला वीर घडवायचा, तो नीट घडतो का हे बघायचं काम माझं. चार पानं आहेत: चेहरा, आवाज, पूर्वकथा, नाव. शेवटी ‘पक्कं’ दाबलं की बदल नाही, असं तरुणभाऊंनी दोनदा बजावलं.

चेहरे काढणारी कहकशा म्हणाली, सवयीसाठी पहिला वीर स्वतःसारखाच कर. केला, आणि मग सुधारला. कपाळावरचा व्रण काढून टाकला. पाचव्या वर्षी जात्यावर आपटलो होतो. घरी गेलो की आई अजून आधी तिथेच बोट फिरवते. आवाज भारदस्त घेतला. पूर्वकथेत राजपुत्र, शेतकरी, अनाथ असे पर्याय होते. अनाथाखाली लिहिलेलं: याची वाट बघणारं घर नाही, बळ दोन गुण जास्त. फुकटचं कोण सोडतो? अनाथ घेतला. आणि वीराचं नाव पुना? छ्या! वज्रकेतू ठेवलं आणि पक्कं दाबलं.

२४ जुलै, गुरुवार
दाढी करताना हात थबकला. कपाळ कोरं. घासून पाहिलं, उजेडात जाऊन पाहिलं, व्रण नाहीच. खरं सांगायचं तर आनंदच झाला. चला, लग्नाच्या फोटोला बरं. कहकशाला विचारलं, तर तिला तो व्रण कधी दिसलाच नव्हता म्हणे.

२८ जुलै, सोमवार
सकाळपासून आवाज जड. घसा धरला असेल म्हणून हळद घालून दूध प्यायलो. संध्याकाळी आईला फोन केला, तर तिने विचारलं, कोण साहेब बोलतायत? अहिराणीत सांगायला गेलो, तर तोंडातून नुसती पुस्तकी मराठी. ‘आहे’ला ‘शे’ म्हणायला जीभच वळेना. कॉलेजात याच बोलीची लाज वाटायची मला, आता कशाला रडतोय? शेवटी आईला कसंबसं पटलं. शनिवारी ये म्हणाली, रविवारी कानबाईचा सण, देवीच्या रोटाच्या प्रसादाचे गहू काढायचेत.

३० जुलै, बुधवार
आधी चेहरा गेला. मग आवाज. पानांचा क्रम तोच आहे. आणि तिसऱ्या पानावर मी —

तरुणभाऊंच्या अक्षरशः पाया पडलो, माझा वीर पुसा म्हटलं. त्यांनी यादी उघडून दाखवली. यादी रिकामी. वज्रकेतू तिथे नाहीच. मग कुठे आहे? ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, सुट्टी घे, घरी जाऊन ये.

२ ऑगस्ट, शनिवार. साक्री, बसस्टँड
घरी सगळे धडधाकट आहेत. माझ्याशिवाय सगळे.

आई ओसरीवर सुपात गहू घेत होती. आमच्याकडे माणसागणिक सव्वा मूठ, एकेकाचं नाव घेऊन. आबांची घेतली. दरवर्षी त्यानंतर माझी असते. तिने धाकट्या नथ्थूची घेतली, मग स्वतःची. आणि सूप बाजूला सारलं.

मी दारातच. तिने वर पाहिलं.

“कोना पोऱ्या शे रे भाऊ तू?”

तिचं बोट धरून कपाळावर टेकवलं. गुळगुळीत. तिने घाबरून हात सोडवून घेतला. तरी चहा दिला, माझी माय ती. उद्या रोट खायला येऊ का विचारलं, तर म्हणाली, वाईट नको वाटून घेऊस, पण रोट घरच्यांनीच खायचा असतो.

दोन गुण जास्त! काय जाळू ते बळ?

जळगावची गाडी गेली. चढलो नाही —

परत जातो. सूप अजून ओसरीवरच असेल. रोट नको म्हणेन, फक्त सव्वा मूठ घाल. कुणाच्या नावाची, असं ती विचारेलच. नाव सांगेन. चौथं पान अजून — नाव आहे माझं, आहे —

सांगेन, आई, मी तुझा वज्र—