स्क्रूवरचा लाल ठिपका

अण्णा, तुमच्या कपाटाच्या वरच्या फळीवरचा तो पत्र्याचा डबा चालू आहे. माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. "गेला, आता त्यात काही राम नाही," असं सांगून जो तुम्ही मोडीत काढलात, तोच. आईला एकटीला आता झेपत नाही, म्हणून तिला बदलापूरला माझ्याकडे नेतेय आणि अंबरनाथचं घर रिकामं करायला काढलंय. तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला डबा हाताला लागला. फडकं सोडलं, झाकणाच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला, आणि मी तिथेच फरशीवर बसले.

त्या ठिपक्याचा अर्थ तुमच्यामागे मलाच ठाऊक. फॅक्टरीतून सुटून आलात, चहा घेतलात की तुम्ही खिडकीजवळच्या टेबलावर कुणाचा तरी रेडिओ नाहीतर टीव्ही उघडून बसायचात, आणि मी दप्तर टाकून तुमच्या शेजारी. शिवमंदिराकडचे दुकानदारसुद्धा तुमच्याकडेच यायचे. दुरुस्त झालेला सेट बराच वेळ चालवून, बंद करून, पुन्हा चालवून बघितल्यावरच तुम्ही एका स्क्रूवर नेलपॉलिश लावायचात, म्हणजे मागाहून दुसऱ्या कुणी उघडला तर कळावं. बाटली माझीच असायची. मी कुरकुरले की म्हणायचात, "अगं, नखावर लावून काय उपयोग? इथं ग्यारंटी देतं ते." एका बाईंना फार घाई होती, "लावून टाका ना भाऊ, मी नेते," म्हणाल्या, तर तुम्ही त्यांना सेटशिवाय परत पाठवलंत. बिघडलेल्या वस्तूवर तो ठिपका कधी लागला नाही. माझा बाप खोटं बोलूच शकत नाही, असं मी शाळेत मैत्रिणींना छाती फुगवून सांगायचे.

आणि कॉम्प्युटरही तुम्हीच आणलात की. उल्हासनगरहून, सेकंडहँड, मॉनिटर रिक्षात मांडीवर घेऊन. मुलींना शिकवा म्हणून विहारात भाषण करणारे तुम्ही, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आमची पोरगी ऑफिस चालवणार, घरात!" आणि मी चालवलं. एमआयडीसीतल्या कंपन्यांची बिलं, पत्रं, चलनं टाइप करून द्यायचे. माणसं कागद घेऊन दारात यायची, मला मॅडम म्हणायची. मॅडम! तेव्हा मी अजून आईच्या धाकात होते.

मग एका दुपारी लाईट गेली, आली, आणि सप्लायमधून फट् आवाज झाला. संध्याकाळी तुम्ही तुमची नेहमीची युक्ती केलीत. लाईनच्या वायरीत मध्ये शंभराचा बल्ब जोडायचा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर वस्तू ठीक, भगभग जळतच राहिला तर आत शॉर्ट. बल्ब भगभगला. "घाबरू नको," म्हणालात. "ट्रान्सफॉर्मर जळाला असेल तर टाकायचा, एखादा पार्ट गेला असेल तर बदलायचा. रविवारी उघडतो." मी निर्धास्त झोपले.

त्याच आठवड्यात बदलापूरची मंडळी मला बघून गेली. मुलाची आत्या जाता जाता तुम्हाला दारात म्हणाली, "कारखान्याची माणसं येतात म्हणे घरी. पोरगी एकटीच असते ना?" तुम्ही हसलात. मी आतून ऐकत होते, वाटलं, आता अण्णा तिला सुनावतील. तुम्ही सुनावलं नाहीत. रविवारी मला मावशीकडे पाठवलंत, आणि परत आले तर टेबल रिकामं. "ट्रान्सफॉर्मरच गेला गं." मी म्हटलं, नवीन घेऊ. तर तुम्ही उल्हासनगरला जाऊन आलात आणि सांगितलंत, "शेठ बोलला, छोड़ दे साईं, ये मॉडेल का अभी नहीं आता." आणि मी विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दहा दुकानं पालथी घातली असती. आता तुमचं ते विहारातलं भाषण आठवतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

काल मी तुमचाच बल्ब शोधला. भार दिल्याशिवाय हा सप्लाय उठत नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं, म्हणून खोक्यातली जुनी हार्डडिस्क जोडली आणि बटण दाबलं. बल्ब चमकला, मंद झाला. पंखा आधी कुरकुरला, मग फिरू लागला. आई मागे उभी होती. म्हणाली, "त्या रविवारी पण असाच फिरला होता. किती हसले होते ते! मग एकदम बटण बंद केलं आन् फडकं मागितलं. मला वाटलं, तुला देतील."

अण्णा, केसाने गळा कापलात माझा. हे काम सोड, असं तोंडावर म्हणाला असतात तर मी भांडले असते. हरलेही असते कदाचित, पण भांडून हरले असते. तुम्ही मला भांडूसुद्धा दिलं नाहीत, सगळा दोष एका मुक्या डब्यावर ढकललात. नवरा चांगला निघाला, संसार बरा झाला, पण म्हणून तुमचं खोटं खरं होत नाही. आणि मला सांगा, लपवायचाच होता तर ठिपका कशाला लावलात? पोरीशी खोटं बोलवलं, आणि चालू वस्तू ठिपक्याशिवाय फळीवर ठेववेना? त्या यंत्राशी जितके इमानदार राहिलात, तितकं माझ्याशी राहायला काय हरकत होती?

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकते. आज सकाळी मी ठिपका खरवडला आणि झाकण काढलं. फ्यूज नवा, दोन ट्रान्झिस्टर नवे, सोल्डरिंग असं की बोट फिरवलं तरी जोड जाणवू नये. राग आला, खूप आला, पण तो नंतर. आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "वा, अण्णा!"