यांच्याजवळ उरलेला एक शब्द

३ फेब्रुवारी

पुन्हा पुस्तक ढकललं! पवित्र शास्त्र, आमचं बायबल — यांच्याच हातांनी झिजलेलं — थेट जमिनीवर. मी मेंढपाळाचं स्तोत्र वाचत होते. "नाही," म्हणाले. पक्षाघातानंतर एवढा एकच शब्द उरलाय यांच्या तोंडात. जन्मभर चर्चमध्ये पाळक म्हणून मंडळीला उपदेश केलेला माणूस! चहा हवा? नाही — आणि कप रिकामा. पाय चेपू? नाही — आणि पाय पुढे.

बोलण्याचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या स्पीचवाल्या बाई म्हणतात, "तो शब्द आपोआप निघतो हो. अर्थ लावत बसू नका." बरं, नाही लावत. पण पुस्तकही आपोआप पडलं का?

५ फेब्रुवारी

दार लावून घेतलं आणि धीर करून विचारलं. "देव आहे ना हो?"

"नाही."

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

६ फेब्रुवारी

देव जसा आहे तसा शास्त्रात आहे, बाहेर शोधायला जाऊ नका — हे यांचं ठाम मत. लोकांना दटावून सांगायचे. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, "एवढा मोठा देव एवढ्याशा पुस्तकात मावतो होय?" तर हसायचे. "तुझं आपलं काहीतरीच!"

आता वचनं यांच्या डोक्यातून पुसली गेली. मग देवही गेला का? कुणाला विचारू? ज्यांना विचारायचं ते हे असे! मी पुस्तक उघडते, अक्षरं दिसतात, बाकी काही नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

८ फेब्रुवारी, रविवार

नवे पाळक यांना प्रभुभोजन — प्रभूच्या नावाने मोडलेली भाकर — द्यायला घरी आले. सोबत नणंदबाई, सगळीकडे बारीक नजर! आमच्या मंडळीची रीत — आधी प्रश्न, मग भाकर. प्रश्नाला मोठ्याने "होय" म्हणायचं. ही रीत यांनीच घालून दिलेली, आणि पाळायचेही काटेकोर!

"प्रभूवर विश्वास ठेवता?"

"नाही."

पुन्हा विचारलं. "नाही. नाही." आणि तोंड उघडलं, घास मागावा तसं.

पाळक बिचारे घामाघूम. "काकू, मी कसं देऊ? त्यांनीच शिकवलंय मला." तबक झाकलं आणि निघून गेले. हे दाराकडे बघत राहिले, तोंड उघडंच.

नणंदबाई म्हणाल्या, "दादाला सैतानाने धरलं गं!" मी म्हटलं, "तुमचा दादा आजारी आहे. चहा घ्या आणि निघा." इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, आज बोलले. पण त्या गेल्यावर वाटलं, खरंच तसं असेल तर?

११ फेब्रुवारी

प्रार्थना सुचत नाही.

१३ फेब्रुवारी

स्पीचवाल्या बाईंना विचारलं, "यांच्या मनात काय आहे ते मला कधी कळेल का?" "सांगता येत नाही," म्हणाल्या. खोटी आशा दाखवली नाही, उपकारच झाले.

देवा, एवढं जाडजूड पुस्तक लिहून घेतलंस — शब्द गेलेल्या माणसासाठी एक पान घालायला काय झालं होतं? याच्याबाहेर कुठे असशील तर आत्ता ये! नंतर येऊन काय उपयोग?

१५ फेब्रुवारी, रविवार

न्याहारीला पाव दिला. यांनी खाल्ला नाही. चालत्या हातात घेऊन वर धरला — प्रभुभोजनाच्या मेजापाशी धरायचे तसा. दुसरा हात मेलेला, म्हणून दातांत धरून मोडला. अर्धा माझ्या ओठांशी आणला.

"नाही," म्हणाले, अगदी हळू. प्रश्न काही विचारला नाही.

मी घेतला.