बाबांची हाक कोंडवाड्यापर्यंत

शारजा, इंडस्ट्रियल एरिया
१२ जानेवारी २०२५

ती. नर्मदाअक्कास, धाकट्या गंगारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गावाहून परतलेल्या याकूबभाईंनी त्यांच्या गॅरेजवर बोलावून हातात दिलं. वाड्यावर रेंज नाही ते एका परीनं बरंच, फोनवर तू याहून जास्त शिव्या दिल्या असत्यास.

अक्का, पण भागोजीला ग्रामसुरक्षा दलात जाऊ दे. गेल्या पावसाळ्यात चोरांनी आपल्या शेळ्या टेम्पोत घालून नेल्या, तेव्हा पोलीस चौकीतून वर कोण आलं होतं गं? आता पंचायत स्वतःहून दल काढतेय, आपल्या धाकट्या भावाला जॅकेट आणि शिट्टी देतेय, तर तुला त्यात काळंबेरं दिसतं. म्हणे, सरपंच धनगराच्या पोराला खुर्ची देतात म्हणजे काहीतरी मागणार. अगं, मी इथे गोदामाच्या गेटवर असतो ना, मोठमोठे मॅनेजर मला कार्ड दाखवल्याशिवाय आत जात नाहीत. अंगावर वर्दी असली की माणूस माणसात जमा होतो.

त्याच्यासाठी बूट पाठवतोय. ऐंशी दिरहमचे, म्हणजे आपले जवळपास एकोणीसशे. आईला किंमत सांगू नको, नाहीतर ती ते देव्हाऱ्यात ठेवील. माया आहे तशी राहू दे, रागाचं आपण नंतर बघू.

तुझा,
गंगाराम


वरचा धनगरवाडा
६ मार्च २०२५

चि. गंगारामास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बूट बसले. दल निघाल्यापासून टेम्पो फिरकला नाही हे खरं, आणि भागोजी शिट्टी वाजवत फिरायचा तेव्हा आईसुद्धा दारात येऊन बघायची.

मग पंचायतीनं आपलं गायरान बंद केलं. झाडं लावायची आहेत म्हणे. आजा-पणजापासून आपल्या शेळ्या तिथे चरतात, त्यांना पंचायतीचा ठराव काय कळतोय! त्यांना हाकून कोंडवाड्यात घालायला सरपंचांनी शिपाई पाठवला. शेळ्या कड्यावर चढल्या आणि शिपाई करवंदीच्या जाळीत पडला. आम्ही बाया पोट धरून हसलो. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी भागोजीला धाडलं. नुसत्या मोजायच्या आणि सांजेला सोडायच्या, असं त्याला सांगितलं, आणि त्या खुळ्यानं ते खरं मानलं. त्यानं बाबांची हाक दिली रे, शेळ्यांना पाणवठ्यावर बोलवायला ते द्यायचे तीच. सगळ्या वाड्याच्या शेळ्या कड्यावरून उतरल्या. आपली घुंगरवाली काळी पुढे आणि बाकीच्या तिच्यामागे, अशा भागोजीच्या पाठीपाठी कोंडवाड्यात गेल्या. फाटकाला कुलूप लागलं आणि सरपंच किल्ली घेऊन तालुक्याला गेले ते तिसऱ्या दिवशी उगवले. तोवर उन्हात पाण्याचा थेंब नाही. गाभण शेळ्या तिथेच गाभडल्या. इकडे वाड्यावर करडं दुधावाचून ओरडून ओरडून मेली. भागोजी फाटकावर डोकं आपटत होता. सरपंचांनी आल्यावर त्याला ऐकवलं की दल पंचायतीचं आहे, वाड्याचं नाही.

आग लागो त्या जॅकेटला! शिपायाला जमेना म्हणून त्यांना आपला पोरगा लागत होता. त्यानं जॅकेट पंचायतीच्या पायरीवर टाकलं, पण वाड्यात त्याच्याशी कुणी बोलत नाही. आई त्याला ताट वाढते आणि तोंड फिरवते.

याकूबभाई ईद करून परत निघतील, त्यांच्याकडे हे देते. तब्येतीला जप, लोभाचं काय सांगायचं, तो आहेच.

तुझी,
नर्मदाअक्का


शारजा
२१ एप्रिल २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल, रविवारी मिळालं. एक दिवस आधी मिळायला हवं होतं.

शनिवारी इथल्या गावकऱ्यांच्या मंडळानं दुबईच्या करामा भागातल्या हॉटेलात सरपंचांचा सत्कार ठेवला. ते दुबई बघायला आलेत. बिर्याणी, मागे सुरक्षित गावाचा मोठा बॅनर. दलातल्या पोराचा भाऊ म्हणून हार घालायला मलाच पुढे ढकललं. भाषणात त्यांनी सांगितलं की धनगरांनी आपणहून, आपल्या तोंडच्या हाकेनं गायरान मोकळं करून दिलं. अक्का, मी टाळ्या वाजवल्या गं. फोटोत सगळ्यात जास्त मीच हसतोय.

याकूबभाईंच्या अल कुसैसच्या घरी पत्र वाचलं. झुबेदाभाभींनी वाढलेलं ताट तसंच राहिलं. त्यांचा पोरगा फहद इंग्लिशमध्ये पुन्हापुन्हा विचारत होता, अंकलना काय झालं.

तिथून तडक सरपंचांच्या हॉटेलवर गेलो. त्यांना काय काय सुनवायचं ते मेट्रोत घोकत होतो. ते म्हणाले, जनावरांचं काय एवढं मनावर घेतोस, भागोजीची होमगार्डात शिफारस करतो. आणि मी काय केलं माहीत आहे? खाली मान घालून हो साहेब म्हणालो आणि बाहेर आलो. वर्षानुवर्षं गेटवर हेच शिकलोय. थू माझ्या जिण्यावर.

भागोजीनं याकूबभाईंकडे व्हिसाचं विचारलंय. आमच्या कंपनीत गार्डची जागा आहे. आईला विचार. माझ्यावर माया ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

गंगाराम


वरचा धनगरवाडा
१५ मे २०२५

चि. गंगारामास आशीर्वाद. वि. वि.

स्वतःला असं थू करून घेऊ नको. हो साहेब म्हणायला आम्ही इथे तरी काय वेगळं शिकलोय?

परवा भर दुपारी शेळ्या ओढ्याच्या अंगाला चरत होत्या. बिबट्या पहिल्यांदा भागोजीला दिसला. त्यानं बेंबीच्या देठापासून हाक दिली. बाबांचीच. शेळ्यांनी माना वर केल्या, त्याच्याकडे बघितलं, आणि जागच्या हलल्या नाहीत. काळी तर दोन पावलं मागे सरली. बिबट्यानं तिलाच उचललं. आईची हाक आली तेव्हा बाकीच्या धावत वर आल्या.

भागोजी सांजेपर्यंत ओढ्यावर बसून होता. मी बोलवायला गेले, तर त्यानं एवढंच विचारलं की तुझ्या गोदामात राखायला जनावरं असतात का. नसतात, मी म्हटलं. तेव्हा उठला.

व्हिसा पाठव. आई जा म्हणत नाही, राहा पण म्हणत नाही. तुझा लोभ त्याच्यावर ठेव, इथला उरला नाही.

नर्मदाअक्का