करवतीचे दात

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
आजपासून वर्तमान क्षणात जगणार. वही त्यासाठीच आणली. आयडिया भूषणची. भूषण माझा चौथीपासूनचा दोस्त, आता चिखल्याला खाणीच्या ट्रकांवर सुपरवायझर. त्यानं रील पाठवली, वर फोनही केला. म्हणाला, अश्विन, दामिनीले मेसेज करणं बंद कर बे. मागचं सोड, पुढचं सोड, मागावर बस, हातातल्या धोट्याकडे पाहा. असा दोस्त नशिबानं मिळतो.
भंडाऱ्याच्या कॉलेजात कधी प्रेझेंट नव्हतो. आता बाबांच्या हातमागावर राहीन.

त्याच दिवशी, सकाळी ७.४०
दामिनीला एकच मेसेज केला. शेवटचा.

४ नोव्हेंबर
रीलमध्ये सांगितलं आहे, चार मोजून श्वास आत, चार मोजून बाहेर. इकडे मागावर साडीची करवती किनार. धोट्याच्या आठ फेऱ्या झाल्या की दात वळवायचा, तेव्हा ती करवतीसारखी दिसते. मी श्वास मोजला आणि चारवर दात वळवला. हातभर विणून झाल्यावर बाबांनी पाहिलं. म्हणाले, काहून रे, किनार कुत्र्यानं चावली काय? सगळं उसवायला लावलं. वर म्हणाले, तुयं आंग मागावर असते न जीव भंडाऱ्याले.
शांतीचा मार्ग बापाला कधी कळत नाही.

५ नोव्हेंबर. दुपार
डोळे मिटून बसलो होतो. आई धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरत होती. म्हणाली, तुयं वर्तमान झालं असन तं ही कांडी घे.
कॉलेज सोडलं त्याचा पश्चात्ताप नाही, हे इथं लिहून ठेवतो. दामिनीशी हसून बोलणाऱ्या पोराला मी कॅन्टीनमध्ये कानाखाली दिली. तो तिचा मावसभाऊ निघाला. कपाळावर लिहिलेलं असतं काय? प्रिन्सिपल म्हणाले माफी माग. मी दाखला मागितला.

७ नोव्हेंबर
दामिनीला अकरा मेसेज. नियम मोडला नाही, कारण त्यांत ना भूतकाळ ना भविष्य. फक्त वर्तमान. 'आता मी चहा पिऊन राहिलो.' 'आता धोटा उजवीकडे गेला.' दिवाळीपासून एकच टिक पडते. तिचा फोन बिघडला असावा.
भूषणला विचारलं. म्हणाला, तिले सर्दी झाली आहे, आराम करू दे. चिखल्यात बसून त्याला तिची सर्दी कळते. माझ्यासाठी किती बारीक लक्ष ठेवून आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
बाबा म्हणाले हात चालव, ही साडी पंधरा तारखेला एकोडीच्या साक्षगंधात पाहिजे. एकोडी. दामिनीचं गाव. हा संकेत आहे. उद्या आपल्या साखरपुड्यातही आपल्याच हातची साडी नेऊ, असं मनात आलं. हे भविष्य झालं. परत श्वासावर आलो. तोवर तीन दात वाकडे.

१२ नोव्हेंबर. सकाळी ११
व्हॉट्सॲपवर गावच्या ग्रुपमध्ये पत्रिका आली. साक्षगंध, एकोडी, पंधरा तारीख. चि. भूषण. चि. सौ. कां. दामिनी.
म्हणजे ही साडी भूषणच्या घरून दामिनीला जाणार. आणि विणतो कोण? मी.

११.१५
भूषणला फोन केला. तीन शिव्या झाल्या तरी शांत. म्हणाला, तुले म्हणतच होतो नं बे, पुढचं सोड.

११.३०
बाबांना विचारलं, तुमाले माहीत होतं? म्हणाले, ऑर्डर होती. आईला विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तं तू माग पेटवला असता. चूक नाही बोलली, तरी धोका तो धोकाच. सगळं घर फितूर. रील डिलीट केली.

१३ नोव्हेंबर
ठरलं. माग पेटवणार नाही. त्याहून वाईट करणार. पदराजवळ तीन दात मुद्दाम तोडणार. साक्षगंधात बाया किनारीवरून बोट फिरवतीलच. भरल्या मांडवात दामिनीच्या अंगावर खोट निघेल. उद्या सकाळी नऊला सुरुवात. आज वाकडे दात उसवून घेतले, म्हणजे माझेच तीन ठळक दिसतील.

१४ नोव्हेंबर. संध्याकाळी ६
नऊला बसलो. संशय येऊ नये म्हणून पहिला दात नीट विणला. दुसराही नीट. हात बसला होता, म्हटलं एवढी वीत झाली की तोडू. धोटा इकडून गेला, तिकडून आला. पावलांचा ठेका लागला. मधे आईनं चहा ठेवला होता म्हणे, त्यावर साय धरली होती. पाहतो तर पदर संपलेला आणि खिडकीतून ऊन गेलेलं. पूर्ण दिवसात दामिनी एकदाही आठवली नाही.
दात तोडायचे राहून गेले.
बाबांनी किनारीवरून अंगठा फिरवला, शेवटपर्यंत. म्हणाले, आज पोरगा मागावर हजर होता. मी भडकलो. म्हटलं, असं बोलून चटके देऊ नका. ते का हसले कळलं नाही.
हातसुद्धा फितूर निघाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४
साडी एकोडीला पोचली. मी हार मानली नाही. भूषणला मेसेज टाकला, किनारीत खोट आहे, पदराजवळ नीट पाहा. म्हटलं, बसा शोधत.
आत्ता त्याचं उत्तर आलं. सगळ्या बाया अर्धा तास पाहत होत्या. दामिनीनं स्वतः पाहिली. कुठंच काही नाही सापडलं बे, म्हणाला.
सापडणार नाहीच. एक धागा सुटला होता, तो सकाळी घडी घालताना मीच कापला.