मुंगी चावली रे

आये गो,
तुझ्या संदेशचा परदेशातून नमस्कार. मी बरा हाय, रोज भात मिळतो.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहितोय. शेजारची नम्रताताई वाचून दाखवील. आपला काळू तुला चावला, आणि जखम भरली म्हणून तू उरलेल्या सुया घेत नायस. कुत्रा घरचाच, म्हणतेस. काळू नीट खातो ना? कसाबी असू दे, तू उद्याच ताईसंगं शहापूरच्या दवाखान्यात जा.

इकडं यायच्या आधी मलाबी लस टोचली. तेव्हा तू आठवलीस. ल्हानपणी सुई टोचली की कुशीत घेऊन सांगायचीस, "मुंगी चावली रे, मुंगी!" खोटं कळायचं, तरी माझं रडू थांबायचं.

ताई, तिला सुई देतील तेव्हा हात धर. मुंगी चावली म्हणून सांग.

तुमचाच,
संदेश