दादाच्या हाताचा ट्यूबा

मी, पितळी वाद्यं दुरुस्त करणारी, अविवाहित, वय बहात्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणायला घरात दुसरं माणूस नाही.

दुकान, त्यामागची राहती खोली व बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, मिळावी. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. हत्यारं शेजारच्या घड्याळजीला द्यावीत. मागून नेलेली छोटी पक्कड त्याने परत केलीच नाही, तिच्या सोबतीला बाकीचीही जाऊ देत. बँडमास्तरांना काडीही देऊ नये, आणि तसं त्यांना आवर्जून कळवावं. दादाची बोटं गेली त्याच आठवड्यात त्यांनी बँडमधल्या त्याच्या खुर्चीवर स्वतःचा मेहुणा बसवला.

आता ट्यूबाविषयी, म्हणजे दादा बँडमध्ये फुंकायचा त्या भल्यामोठ्या पितळी वाद्याविषयी. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं छापखान्याच्या यंत्रात गेली. ट्यूबाचे तिन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, उजव्याच हाताने दाबायचे असतात. मी त्यांतल्या दोहोंना खटके जोडून ते डाव्या हाताखाली आणले आणि मोठ्या हौशीने त्याच्या घरी घेऊन गेले. दादा म्हणाला, "याचा पांगुळगाडा करून आणलास होय गं? ने परत." मीही नाकावर माशी बसू न देणारी. उचलला आणि आले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

वाद्य मात्र मी पडून राहू दिलं नाही. भाची एकदा बोलता बोलता म्हणाली, "आत्या, बाबांना हल्ली शर्टाची बटणंसुद्धा पटकन लागत नाहीत गं." ती गेल्यावर मी खटक्यांना हलक्या स्प्रिंगा घातल्या. पुढे माझी बोटं आखडू लागली, तेव्हा त्याचीही आखडली असतील असं धरून आणखी हलक्या केल्या. आता दुसऱ्या कुणाच्या हाती तो धड वाजायचा नाही. मला दादाची फार आठवण येते.

ट्यूबा दादाला द्यावा. नको म्हणाला तर वाद घालू नये. त्याच्या खोलीत ठेवून दार ओढून घ्यावं. वाजवताना कुणाच्या देखत चुकलेलं त्याला खपत नाही. भाचीने दाराबाहेर कान लावून थांबू नये. ते ऐकण्याचा हक्क माझा होता, आणि तो मी कोणाच्याही नावे करीत नाही.

लिहून ठेवणार : (सही) दादाची धाकटी बहीण

आमच्यादेखत सही केली. साक्षीदार :
(सही) समोरचा चष्मेवाला
(सही) वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई

स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : ९ मार्च