जाळीतला झेंडू

नाना,

फर्स्ट शिफ्टला वाळूजला चाललेय. भाकरी झाकून ठेवलीय, उपाशी राहू नका.

काल दुपारी मी फियाटचं बॉनेट उघडलं. आईला दवाखान्यात नेताना बिडकीनजवळ इंजिन तापून गाडी बंद पडली, अन् आई वाटेतच गेली. दसऱ्याला तुम्ही पातळ तेल टाकलंत म्हणून असं झालं, हे तुम्ही येईल त्याला सांगत बसता. तसं नाय, नाना. डबा मी नीट वाचला. तेल जाडच होतं, जुन्या इंजिनाला लागतं तसलं. पाणीपण भरलेलं होतं.

रेडिएटरची जाळी मात्र झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च बुजली होती. वारा आत जातच नव्हता. दसऱ्याचा तो जाडजूड हार मीच बांधला होता. त्या दिवशी निघताना तुम्ही तो काढायला लागलात, तर मीच म्हणाले, राहू द्या, आईला लई आवडलाय.

जाळी धुतलीय. गाडी आता तापत नाय. पाकळ्या टाकवल्या नाहीत, डिकीत कागदात गुंडाळून ठेवल्यात.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. आता कुणी विचारलं तर तेलाचं सांगू नका. माझं नाव सांगा.

मोनिका